काठावरचं पोतं

वासरू सुटलं ते सरळ चक्कीवालीच्या घेवड्यात शिरलं. घेवडा नुकताच फुलावर आलेला. वासराने अर्धा खाल्ला, अर्धा तुडवला, आणि मालकीण ओरडत आली तेव्हा तीच आपल्या शेतात घुसल्यासारखं तिच्याकडे बघत उभं राहिलं.

चक्कीवाली म्हणजे गावचं वर्तमानपत्र. दळण बारीक आणि बातमी त्याहून बारीक. तिने एका हाताने वासराचा कान धरला, दुसऱ्या हातात तुटकं प्लास्टिकचं दावं घेतलं आणि दोरवाल्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"हे घ्या तुमचं लेकरू," ती म्हणाली. "आणि हे त्याचं दावं. बाजारातलं. दोरवाल्याच्या घरात विकतचं दावं, एवढंच बघायचं राहिलं होतं. उद्यापासून मीपण दळण दुसरीकडे टाकते."

दोरवाला छपराखाली खुरप्याला मूठ बसवत होता. त्याने मान वर केली नाही. त्याची बायको मात्र हात पुसत बाहेर आली, कारण घेवड्याची भरपाई गोड बोलून करायची की भांडून, हे त्या घरात तीच ठरवायची.

"बाई, चूक झाली. संध्याकाळी आमच्या वांग्यातली टोपली पाठवते," ती म्हणाली, आणि चक्कीवाली फाटकाबाहेर पडताच नवऱ्याकडे वळली. "झालं समाधान? सगळ्या गावाला कासरे आणि दावी पुरवणारं घर हे. तुमच्या बापाच्या हातचा दोर बैल मरायचा पण तुटायचा नाही. आणि आपलं वासरू हिरव्या प्लास्टिकला बांधायचं."

"कंबर दुखते माझी."

"कंबर. खुरपायला दुखत नाही, ओझं उचलायला दुखत नाही. दोराचा वाख हातात घेतला की दुखते."

दोरवाल्याने मूठ पुन्हा ठोकली. गेली पाच-सहा वर्षं तो हेच सांगत आला होता आणि गाव ते मानत नव्हतं. गावाचं म्हणणं निराळंच होतं. गाव म्हणायचं, माणूस फार हळवा. मेहुण्याच्या चुकीने गवंडी विहिरीत पडला, आणि ह्याने मनाला एवढं लावून घेतलं की दोर वळणंच सोडून दिलं. असा माणूस शोधून सापडायचा नाही. लोक असं कौतुक करायला लागले की दोरवाला तिथून उठायचा. तेव्हा लोक म्हणायचे, बघा, कौतुकसुद्धा सोसत नाही ह्याला.

खाई त्याला खवखवे. पण दोरवाल्याने काय खाल्लं होतं, ते त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी गवंडी आला. काठी टेकत, डावा पाय ओढत. ऊन असं होतं की जमिनीला पडलेल्या भेगांतून वाफ निघत होती, आणि हा माणूस त्या उन्हातून गावाच्या दुसऱ्या टोकाहून चालत आलेला. दोरवाल्याने त्याला लांबूनच ओळखलं. त्या पायाचा आवाज तो झोपेतही ओळखायचा.

"पाणी दे आधी," गवंडी बाकावर बसत म्हणाला. "मग कामाचं बोलू."

दोरवाल्याच्या बायकोने तांब्या आणून दिला. गवंड्याने पाणी पिऊन उरलेलं तोंडावर मारलं.

"तुझ्या घरचं पाणी गढूळ आहे," तो म्हणाला.

"सगळ्यांच्याच घरचं गढूळ आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" दोरवाला म्हणाला.

"म्हणूनच आलोय. विहीर साफ करायची ठरलीय. मी पडलो तेव्हापासून कोणी आत उतरलंच नाही. गाळ कमरेएवढा झाला असेल. त्यात आतला दगडी बांध एका बाजूने फुगलाय. पावसाच्या आत सावरला नाही तर ढासळेल. तो दगड कसा बसलाय ते गावात मलाच माहीत. तेव्हा उतरणार मीच."

"ह्या पायाने?" दोरवाल्याची बायको म्हणाली.

"पाय लंगडा आहे, हात नाहीत. फळीवर बसवून सोडा मला खाली." मग तो दोरवाल्याकडे वळला. "त्या प्लास्टिकच्या दोराचं मला काही सांगू नका. ओला झाला की मासळीसारखा निसटतो. दोर तू वळायचास."

दोरवाल्याच्या हातातलं खुरपं खाली पडलं. "मी सोडलंय ते काम."

"माहीत आहे. पण तुझ्या दोरात काय खोट होती? काही नाही. दोर बिचारा काठाच्या दगडावर घासून तुटला. मी एकदा तरी तुला बोल लावला? माझा दोरावर राग नाही, दोर वळणाऱ्यावर नाही. एकच अट आहे. वर कोणीही धरू दे, तो बांबू नको. काठावर दोराखाली एक पोतं टाकायचं लक्षात राहत नाही ज्याच्या, तो माणूस त्या विहिरीच्या आसपास मला दिसता कामा नये."

बांबू म्हणजे दोरवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. ताडमाड उंच, म्हणून सगळे बांबू म्हणायचे. बायकोने तांब्या उचलला आणि मुकाट्याने आत गेली. दोरवाल्याला वाटलं, आता सांगावं. आत्ता, ह्या क्षणी. तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते एवढंच, "बरं. वळतो."

गवंडी उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू भला माणूस आहेस." त्या हाताचं ओझं तो गेल्यावरही खांद्यावरून हललं नाही.

झालं होतं ते असं.

त्या वर्षी आभाळ दिवसच्या दिवस भरून असायचं. पडायचं नाही आणि उघडायचंही नाही. पाण्यात कुजवून, बडवून काढलेला घायपाताचा वाख दोरीवर टाकला होता, पण तो वाळेना. गवंडी घाई करत होता. दोन-तीन विहिरींची कामं त्याने अंगावर घेतली होती. वाख हाताला जवळजवळ कोरडा लागत होता. ह्या 'जवळजवळ'ने आजवर बऱ्याच माणसांचा घात केलाय. दोरवाल्याने काय केलं, प्रत्येक पेडाच्या पोटात तो ओलसर वाख घातला आणि वरून चांगला कोरडा गुंडाळत वळला. दोर दिसायला सोन्यासारखा झाला. आत ओल राहिली तर दोर बाहेरून धडधाकट राहतो आणि आतून कुजत जातो. बापाने हे त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्याला ते माहीत होतं. माहीत असूनही त्याने तो दोर दिला, आणि ह्याला विसरणं म्हणत नाहीत.

पुढे दोन-एक महिन्यांनी गवंडी त्या दोरावर गावच्या विहिरीत उतरला. वर बांबू उभा होता. दोर मधेच तुटला. सगळे गवंड्याकडे धावले, आणि दोरवाला धावला तुटलेल्या टोकाकडे. टोक काळं पडलं होतं, बोटांत धरताच भुगा झाला. त्याच वेळी त्याने खाली वाकून पाहिलं, तर काठावर घालायचं पोतं दोराबरोबर ओढलं जाऊन पाण्यात पडलं होतं आणि हळूहळू बुडत होतं. बांबूने पोतं घातलं होतं. नेहमी घालायचा तसंच.

आणि कोणीतरी ओरडलं, "दोर घासला वाटतं. पोतं कुठाय?"

दोरवाल्याने पाण्याकडे पाहिलं. पोतं बुडालं होतं. तो म्हणाला, "पोतं घातलेलं दिसत नाही."

एवढंच. कोणावर बोट दाखवलं नाही, शिवी दिली नाही. पण ते एक वाक्य गावाने उचललं, चक्कीवर दळलं आणि घरोघर वाटलं. बांबू म्हणत राहिला, मी घातलं होतं. पण काठावर पोतं नव्हतं ते सगळ्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या बहिणीने ते पोतं स्वतःच्या हाताने शिवून भावाला दिलं होतं, तीच त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "एका माणसाचा पाय घालवलास, वर खोटं बोलतोस?" त्यानंतर बांबू ओढ्यापलीकडे आपल्या शेतावरच राहायला गेला. बहिणीच्या दारात त्याने पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

तुटलेला दोर दोरवाल्याने घरी आणून चुलीत घातला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही असं लोक म्हणतात, ते माणसाच्या ताठ्याबद्दल. दोरवाल्याने मात्र ते चुलीत प्रत्यक्ष पाहिलं. सगळा दोर जळून राख झाला, आणि राखेत तोच पीळ जसाच्या तसा पडून राहिला. त्याने काठीने ढवळून मोडला. डोळे मिटले की अजून दिसायचा.

आता गवंड्याच्या दोरासाठी नवा वाख घेऊन आल्यावर त्याने तो कडक उन्हात टाकला. संध्याकाळी आत घेतला, सकाळी पुन्हा टाकला. हाताने चाचपला, गालाला लावून बघितला, दातांत धरून बघितला. बायको म्हणाली, "आता काय शिजवून खाणार आहात का?" तरी त्याने आणखी एक दिवस उन्हात ठेवला.

दोर वळायची पट्टी घरामागे होती, लांबलचक आणि सरळ. बाप आणि आजा तिच्यावर उलटे चालून चालून तिथे कधी गवत उगवलंच नव्हतं. ह्या वर्षांत मात्र मजेत उगवलं होतं. त्याने ते खुरपून काढलं. एका टोकाला चाक रोवलं आणि चाकावर बायको बसली. दोर वळणं हे एकट्याचं काम नाही. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने वाख कमरेला बांधून, आकड्याला अडकवून, बोटांतून सोडत सोडत मागे चालायचं. पाठ पुढे आणि तोंड मागे. जिथे जायचं तिकडे बघायचं नाही, जिथून आलो तिथे बघत राहायचं. आणि हात सोडायचा नाही, दोघांपैकी कोणीच. सोडला की सगळा पीळ उलटा फिरतो आणि केलेलं काम मातीत जातं.

चाक कुरकुरायला लागलं. बोटांना सगळं आठवत होतं. तो मागे मागे जात राहिला आणि बायको लहान होत गेली.

ती मात्र बोलत होती. चाक हातात आलं की तिची जीभही फिरायची.

"बांबूची थोरली लेक शिवणकाम शिकायला लागली म्हणे," ती मोठ्याने म्हणाली. "चक्कीवाली सांगत होती. माझी भाची, आणि मला कळतं चक्कीवर."

तो वाख सोडत आणखी मागे सरकला.

"परवा बाजारात दिसला मला. किती वाळलाय. मला बघून दुसऱ्या गल्लीत वळला. मीच बोलले होते ना त्याला. पण चूक ती चूक. भाऊ झाला म्हणून काय झालं? एकदा 'चुकलो' म्हटला असता तर मी कधीच जवळ घेतलं असतं. पण नाही. मी घातलं होतं, मी घातलं होतं, एकच पालुपद."

"अगं," दोरवाला म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

"ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

तो पट्टीच्या मध्याच्या पलीकडे पोचला होता. एवढ्या अंतरावरून कुजबुजता येत नाही. जे वाक्य वर्षानुवर्षं त्याला मनातसुद्धा हळू म्हणता आलं नव्हतं, ते आता ओरडूनच सांगावं लागणार होतं.

"त्याने पोतं घातलं होतं," तो ओरडला.

चाक थांबलं नाही, पण मंदावलं. "कोणी?"

"बांबूने. मी पाहिलं होतं. पाण्यात पडलं होतं पोतं. दोर घासून तुटला नव्हता. मी ओला वाख घातला होता आत. मला माहीत होतं. दोर कुजला होता, आणि मी त्याच्यावर ढकललं."

पलीकडच्या शेतातला एक कुत्रा भुंकला. बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिने चाक सोडलं तर सूत उलटं फिरून गाठी पडतील, हे तिला माहीत होतं आणि त्यालाही. एवढ्या लांबून तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, आणि त्याबद्दल त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मग चाक पुन्हा फिरायला लागलं. तिने ते शेवटपर्यंत फिरवलं. तो टोकाला पोचला, सूत खुंटीला बांधलं. मग ते दुसरं सूत, तिसरं, मग तिन्ही पेड एकत्र. तेही तिने फिरवलं. दिवस कलेपर्यंत ती चाकावर बसून होती आणि तो तिच्यासमोर उलटा चालत होता. दोर पुरा झाला, त्याचं टोक गाठ मारून बांधलं, तेव्हा ती उठली.

"चांगला झालाय दोर," ती म्हणाली. "ह्या वेळेला वाख वाळवलात तुम्ही."

तिने चपला घातल्या आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागली.

"कुठे निघालीस?"

"पाय धरायला जाते. त्याला मी खोटारडा म्हणाले होते. मी. तुमच्याबरोबर एका ताटात जेवून त्याला खोटारडा म्हणत राहिले." ती वळली नाही. "माझी वाट बघू नका."

दुसऱ्या दिवशी दोरवाला गवंड्याकडे गेला. रिकामं घर खायला उठत होतं, आणि एकदा तोंड उघडल्यावर आता मिटून धरणं जमेना.

गवंडी शाळेच्या पायऱ्या दुरुस्त करत होता, खाली फतकल मारून, एक पाय लांब करून. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना हातातली थापी घमेल्यातल्या सिमेंटवर फिरत राहिली. सांगून झालं तेव्हा सिमेंट आरशासारखं सपाट झालं होतं.

"थोबाड फोडलं असतं तुझं," तो शेवटी म्हणाला. "पण त्यासाठी उठावं लागेल. आणि मला उठायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे."

"बसून फोड. मी वाकतो."

"वाकू नकोस. शहाणपणा नको." गवंड्याने थापी खाली ठेवली. "पायाचं एक वेळ जाऊ दे. मोडला तो मोडला. पण इतकी वर्षं मी सकाळ-संध्याकाळ त्या पोराला शिव्या दिल्यात. थंडीत हाड ठणकलं की द्यायचो. जिना चढताना द्यायचो. त्या सगळ्या शिव्या परत कोण गोळा करणार? तू?"

दोरवाल्याला रडू आलं. त्याने ते लपवलंही नाही. गवंड्याने त्याला रडू दिलं आणि त्या वेळात एक वीट बसवून घेतली.

"मला सांगून भागायचं नाही," तो मग म्हणाला. "विहिरीवर सगळे जमतील, तिथे सांग. आणि बांबूला घेऊन ये."

बांबू शेतात ढेकळं फोडत होता. बहीण बांधावर भावजयीबरोबर शेंगा निवडत बसली होती. नवऱ्याला येताना बघून ती उठली आणि घरात गेली.

दोरवाल्याने वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य वेळेला आलं नाही.

"ताईने सांगितलं मला," बांबूच बोलला. कुदळ थांबवली नाही. "एक विचारायचं होतं, दाजी. पोतं कुठे पडलं होतं?"

"मोडक्या पायऱ्यांच्या बाजूला. आधी तरंगलं, मग बुडालं."

बांबूने कुदळ टेकली आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. "मला आठवत होतं मी घातलेलं. पहिलं वर्षभर नीट आठवत होतं. मग सगळे नाही म्हणायला लागले, ताईसुद्धा, तेव्हा मलाच वाटायला लागलं की आपण आदल्या वेळचं आठवतोय. त्या दिवशी विसरलोच असू." त्याने पायाने एक ढेकूळ बाजूला ढकललं. "आता घरातून निघालो की अर्ध्या वाटेतून परत येतो. कडी घातली का बघायला. चूल विझवली का बघायला. पोरी हसतात. त्यांना वाटतं बाप गमतीला करतो. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही, दाजी. गवंड्याचा पाय तुम्ही मोडलात, माझं हे."

दोरवाल्याला वाटलं ह्याने हातातली कुदळ घालावी डोक्यात. पण बांबूने ती पुन्हा ढेकळात घातली.

"विहिरीवर येशील?" दोरवाल्याने विचारलं. "सगळ्यांसमोर सांगणार आहे मी."

"येईन. ताईसाठी येईन."

विहिरीचं पाणी पंपाने उपसून काढलं त्या सकाळी सगळं गाव जमलं. पिंपळाची सावली काठावर पडली होती आणि सावलीत चक्कीवाली सगळ्यांत पुढे. बांबू लांब उभा होता, त्याच्या शेजारी त्याची बहीण. गावाने त्यांना बघून कुजबुज सुरू केली.

दोरवाला काठावर उभा राहिला आणि सांगितलं. काही गाळलं नाही, काही सावरून घेतलं नाही. शेवटी म्हणाला, "दोष माझा. बांबूने पोतं घातलं होतं."

तो थांबला. आता लोक थुंकतील, दगड मारतील, काहीही करोत, असं त्याने मनाशी धरलं होतं. झालं भलतंच.

"किती हो मोठं मन," चक्कीवाली डोळे पुसत म्हणाली. "मेहुण्याचा डाग स्वतःच्या अंगावर घेतला. बायको माहेरी जाऊन बसली ना, म्हणून."

"नाही हो, खरंच सांगतोय."

"घ्या, अजून तेच. आम्ही काय आंधळे होतो? काठावर पोतं नव्हतं. सगळ्यांनी पाहिलंय. आता बायकोच्या भावासाठी माणूस काय काय करतो."

माना डोलल्या. पालथ्या घड्यावर पाणी. एका वाक्याने खोटं सगळ्यांच्या गळी उतरलं होतं, आणि खरं आता गळ्याखाली जाईना. दोरवाल्याने बांबूकडे पाहिलं. बांबू मान खाली घालून परत जायला वळला होता.

"थांब रे," गवंडी काठी आपटून म्हणाला. "आणि तुम्ही सगळे गप्प बसा. पडलेला मी आहे. मला बघू द्या." तो दोरवाल्याकडे वळला. "पोतं पाण्यात पडलेलं तू पाहिलंस. त्या दिवसानंतर विहिरीत कोणी उतरलेलं नाही. प्लास्टिकचं पोतं, ते कुजायचं नाही. म्हणजे ते आहे खाली, किंवा तू खोटं बोलतोयस. उतर आणि काढ. तुझ्याच दोरावर उतर. आणि दोर बांबू धरील."

सगळ्यांच्या माना बांबूकडे वळल्या.

दोरवाल्याने दोर कमरेला आणि मांड्यांना बांधला. फळी घ्यायची आठवणही त्याला राहिली नाही. बांबू आला. त्याने दोर पिंपळाच्या बुंध्याला एक वेढा देऊन हातात घेतला, मग पुन्हा ठेवला. बाजूला पडलेलं एक पोतं उचललं, चौघडी केली, काठावर पसरलं, हाताने दाबून बघितलं. दोन पावलं मागे गेला आणि परत येऊन पुन्हा दाबून बघितलं. कोणी हसलं नाही.

"सोडतो," तो म्हणाला.

आत गार होतं आणि शेवाळाचा वास होता. दोर ताणला गेला की कुरकुरत होता. नव्या दोराचा तो आवाज दोरवाल्याला चांगला माहीत होता, तरी प्रत्येक कुरकुरीला तो दोर दोन्ही हातांनी घट्ट धरत होता. गवंड्याला खाली येताना असंच वाटलं असेल का, तो विचार करत होता. नसेल वाटलं. गवंड्याचा त्याच्यावर विश्वास होता. मधे कुठेतरी दोर थांबला. त्याने वर पाहिलं. वर थाळीएवढं आभाळ आणि त्यात बांबूचं डोकं. बराच वेळ ते डोकं हललं नाही. दोरवाला लटकत राहिला आणि म्हणाला नाही की सोड, किंवा ओढ. मग दोर पुन्हा सरकला.

पाय गाळात गेले, कमरेपर्यंत. तो मोडक्या पायऱ्यांच्या बाजूला सरकला आणि हातांनी गाळ उपसायला लागला. पहिल्यांदा एक फुटकी बादली लागली. मग कोणाची तरी चप्पल, एक डबा, दगड, दगड, दगड. त्याची नखं मोडली. पोतं नसेलच तर? वाहून जायला ही काही नदी नव्हती, पण त्याचं नशीब त्याला माहीत होतं. तो गुडघ्यांवर बसला, गळ्यापर्यंत चिखलात, आणि हात आणखी खाली घातला. बोटांना काहीतरी चिवट लागलं. त्याने ओढलं. ते आलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा गाळाने मोठा आवाज करून ते सोडलं.

त्याने ते धुतलं नाही, उलगडलं नाही. वरून सोडलेल्या टोपलीत ठेवलं आणि ओरडला, "ओढा."

टोपली वर गेली. मग कोणीतरी पाणी ओतल्याचा आवाज आला, पोतं झटकल्याचा. आणि मग त्याच्या बायकोचा आवाज, सगळ्यांना ऐकू जाईल असा:

"निळा दोरा आहे. चारी कोपऱ्यांना दुहेरी टाका. ही शिवण माझी आहे. मीच शिवून दिलं होतं त्याला. बघा, चक्कीवाल्या बाई, जवळ येऊन बघा. हात लावून बघा."

चक्कीवाली काय म्हणाली ते खाली पोचलं नाही. ती काही म्हणालीच नसेल, तर गावात असं पहिल्यांदाच घडलं. गवंड्याची काठी दगडांवर वाजत पिंपळाकडे गेली आणि थांबली. तो बांबूला काहीतरी सांगत होता, हळू आवाजात. शिव्या एकेक करून परत घेत असावा.

दोरवाला चिखलात उभा होता. अंगाला थंडी भरली होती. आता आपल्याला इथेच ठेवून सगळे घरी गेले तरी कोणाला दोष द्यायला जागा नाही, असं त्याच्या मनात आलं. पण बऱ्याच वर्षांनी त्याचे खांदे हलके झाले होते.

दोराला वरून हिसका बसला.

"दाजी," बांबूचा आवाज आला. "वर येताय का?"

दोरवाल्याने गाळाकडे पाहिलं. कमरेएवढा होता आणि सगळा काढायचा बाकी होता.

"नाही," तो म्हणाला. "गाळ खूप आहे. टोपली सोड."

टोपली हेलकावत खाली आली.

"काढा मग," बांबू म्हणाला. "दोर धरलाय मी."